सूचक नाही, अनुमोदक नाही: छोट्या क्वेकर मंडळीचा कारभार

[दृश्य: चुन्याने रंगवलेली दगडी इमारत, स्लेटचं छप्पर, मागे हिरवे डोंगर]

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ आपल्याकडे गृहनिर्माण संस्था असो, पतपेढी असो की वाचनालय, सभेचा विषय क्रमांक एक हाच. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विषयपत्रिकेवर तो नसतो. मागच्या सभेचं इतिवृत्त मागच्याच सभेत, माणसं खुर्च्यांवरून उठायच्या आत, लिहून, वाचून, मान्य होऊन मोकळं झालेलं असतं. क्वेकर म्हटलं की लोकांना त्यांची गप्प बसून होणारी उपासना आठवते. पण त्यांचा कारभार तोलून धरते ती ही जागच्या जागी लिहिलेली नोंद.

ही इमारत ब्रिगफ्लॅट्सची. इंग्लंडच्या उत्तरेला, सेडबर्ग गावाजवळ, 1675 साली बांधलेली. त्या वेळी अशा सभेला जमणं हाच मुळी गुन्हा होता. आत लाकडी बाकं, वर सज्जा आणि जिन्याच्या पायथ्याशी कुत्र्यांसाठी छोटं कुंपण, कारण मेंढपाळ आपली कुत्री घेऊनच येत. इथून जवळच फर्बँक फेल नावाची टेकडी आहे. जॉर्ज फॉक्सने 1652 च्या जून महिन्यात तिथे हजारभर लोकांसमोर भाषण केलं आणि क्वेकर चळवळीने मूळ धरलं. धर्मगुरू नको, ठरावीक प्रार्थना नको, देव प्रत्येकाशी थेट बोलतो, असं त्याचं म्हणणं. आज ब्रिटनमध्ये अशा अनेक छोट्या मंडळ्या आहेत. कुठे पंधरा माणसं, कुठे पंचवीस. अशा मंडळीचा कारभार चालतो कसा, ते आपण पाहणार आहोत.

एक खुलासा आधीच करायला हवा. जगातले सगळेच क्वेकर असे गप्प बसत नाहीत. त्यांची सर्वांत मोठी संख्या केनियात आहे आणि तिथे पाळक असतात, प्रवचन असतं, गाणी असतात. आपण बोलतोय ते ब्रिटनमधल्या, पाळक नसलेल्या परंपरेबद्दल.

[दृश्य: जुन्या नोंदवहीची पानं, शाईची तिरकी अक्षरं]

लिहून ठेवण्याची ही सवय संकटातून आली. 1662 चा क्वेकर कायदा, 1664 चा कन्व्हेंटिकल कायदा. घरातल्या माणसांखेरीज पाच किंवा त्याहून जास्त लोक अशा उपासनेला जमले, की दंड, तुरुंग आणि पुढच्या खेपेला हद्दपारी. घरातला कर्ता तुरुंगात गेला, गुरंढोरं जप्त झाली, की त्या कुटुंबाला धान्य कोणी पोचवायचं? अनाथ मुलाला कोणाकडे ठेवायचं? चर्चमध्ये न झालेलं लग्न खरं होतं, हे वारसाहक्काच्या खटल्यात कशाच्या आधारे दाखवायचं? फॉक्सची सहकारी मार्गारेट फेल हिने 1654 मध्येच त्यासाठी केंडल इथे निधी सुरू केला होता. 1660 च्या दशकाच्या अखेरीला फॉक्सने गावोगाव फिरून मासिक सभा बसवल्या. स्त्रियांच्या सभा वेगळ्या असत आणि त्यांच्या वह्याही वेगळ्या. स्वॉर्थमूरच्या स्त्रियांची सभा 1671 मध्ये सुरू झाली. हिशेब ठेवायचे, गरजूंची चौकशी करायची, ठरलेलं लिहायचं, ही सगळी कामं सतराव्या शतकातल्या त्या बायका करत होत्या.

1689 च्या सहिष्णुता कायद्यानंतर छळ ओसरला. वह्या सुटल्या नाहीत.

[दृश्य: रविवार सकाळ. गोलाकार खुर्च्या, मधल्या टेबलावर फुलं आणि दोन पुस्तकं]

मंडळीचा आठवडा रविवारच्या एका तासाभोवती फिरतो. लोक येतात, बसतात. कोणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उभा राहून थोडं बोलतो आणि बसतो. कित्येकदा कोणीच बोलत नाही. तास संपताना दोन एल्डर, म्हणजे उपासनेची काळजी वाहणारे सदस्य, हस्तांदोलन करतात, मग सगळेच शेजाऱ्याचा हात हातात घेतात. पाठोपाठ सूचना आणि चहा. मुलं असतील तर ती बाजूच्या खोलीत, सोबत पडताळणी झालेले दोन प्रौढ. एकटा प्रौढ मुलांसोबत राहत नाही, मग मूल एकच का असेना. तासाच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत मुलं मोठ्यांत येऊन बसतात.

महिन्यातून एकदा, काही ठिकाणी दोन महिन्यांनी, चहानंतर किंवा घरून आणलेल्या जेवणानंतर कारभाराची सभा भरते. ती सुरू होते शांततेने आणि संपतेही शांततेने, कारण क्वेकरांच्या लेखी तीसुद्धा उपासनाच असते. गणपूर्तीचा नियम नाही, मतदान नाही, सूचक-अनुमोदक नाहीत. अध्यक्षही नाही. टेबलाशी दोघं बसतात, क्लार्क आणि सहायक क्लार्क. सभा चालवायची आणि नोंद लिहायची, दोन्ही जबाबदाऱ्या क्लार्कच्याच. स्वतःचं मत मात्र त्याने मांडायचं नाही. एखाद्या विषयात त्याचं मत ठाम असेल किंवा त्याचा संबंध असेल, तर तेवढ्यापुरता तो टेबलावरून उठतो आणि दुसरा बसतो.

सभा सुरू होण्याआधीच क्लार्कचं अर्धं काम झालेलं असावं लागतं. विषयपत्रिका आठवडाभर आधी जाते. अहवाल लेखी मागवायचे, एका पानाच्या आत, आणि तेही आधी. विषय सहा-सातच्या वर नेले तर दीड तासात नीट संपत नाहीत. अवघड विषय पहिला ठेवू नये, लोक अजून स्थिरावलेले नसतात. शेवटी तर मुळीच ठेवू नये, तेव्हा डोळे घड्याळाकडे लागलेले असतात. दुसरा किंवा तिसरा क्रमांक बरा. ‘ऐनवेळचे विषय’ जवळपास नसतातच. ज्याची पूर्वतयारी कोणी केलेली नाही, त्यावर घाईने काही ठरवण्यापेक्षा तो पुढच्या सभेला न्यावा.

नोंदीचा माहितीचा भाग क्लार्क घरूनच लिहून आणतो: कोणाचं पत्र आलं, अहवालात काय आहे, आधी काय ठरलं होतं. निर्णयाची जागा कोरी ठेवायची. ती भरून आणलेली दिसली की सभेच्या लगेच लक्षात येतं, आणि क्लार्कवरचा विश्वास एका दुपारीत जातो.

[दृश्य: छपराचा उतार, सरकलेली स्लेट, आतल्या वाशावरचा ओलाव्याचा काळा डाग]

आता एक विषय जवळून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण असा प्रश्न जुन्या इमारतींच्या मंडळ्यांपुढे खरोखर येतो. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावरच्या स्लेट सरकल्या आहेत आणि दोन वाशांना ओल लागली आहे. इमारत वारसा यादीत असल्याने मूळचंच साहित्य वापरावं लागणार आणि खर्च मंडळीच्या आवाक्याबाहेर जाणार. ब्रिटनमध्ये वारसा इमारतींना मोठं अनुदान देणारा निधी राष्ट्रीय लॉटरीच्या पैशावर चालतो. क्वेकरांचा जुगाराला विरोध तीनशे वर्षांहून जुना आहे. मग अर्ज करायचा का?

इमारत समितीचा प्रमुख उभा राहतो आणि तीन-चार मिनिटांत परिस्थिती सांगतो. आधी फक्त माहितीचे प्रश्न: पाऊस आत किती आला, काम किती दिवस थांबू शकेल, दुसरी कुठली मदत आहे. मत त्यानंतर. बोलायचं ते उभं राहून, क्लार्कने नजरेने होकार दिल्यावर, क्लार्कला उद्देशून, शेजाऱ्याला उत्तर म्हणून नाही. एका विषयावर शक्यतो एकदाच. एक बसला की दुसऱ्याने लगेच उठायचं नाही, मध्ये थोडी शांतता सोडायची. ती शोभेसाठी नसते. आधीचा माणूस बोलत असताना बहुतेकजण मनातल्या मनात स्वतःचं उत्तर जुळवत असतात. त्या अर्ध्या मिनिटात ते जुळवणं थांबतं आणि समोरचा काय म्हणाला ते कानांत शिरतं.

एकजण म्हणते, हा पैसा गरिबांच्या खिशातून आलेला आहे, तो आपल्याला नको. दुसरा म्हणतो, पैसा तर निधीत जमा झालेलाच आहे, आपण नाही घेतला म्हणून जुगार थांबणार आहे का? तिसरी वेगळीच बाजू मांडते: या इमारतीत दर मंगळवारी दारूमुक्तीचा गट बसतो, छप्पर पडलं तर ते कुठे जातील? बाकीचे गप्प आहेत. क्लार्क डोकी मोजत नाही. खोली कुठल्या बाजूला झुकते आहे, झुकते आहे की नाही, एवढं तो पाहतो. इथे दिसतं ते असं: दुरुस्ती हिवाळ्याआधी हवी यावर सगळे एक आहेत, लॉटरीवर नाहीत. तो एवढंच बोलून दाखवतो आणि लिहायला घेतो. लिहीत असताना खोलीत कोणी कुजबुजत नाही, कागद चाळत नाही. पाचेक मिनिटं जातात. मग तो वाचतो:

‘नोंद 14. सभागृहाचं छप्पर. इमारत समितीचा अहवाल आम्ही ऐकला. उत्तरेकडच्या उताराची दुरुस्ती हिवाळ्यापूर्वी व्हावी, असं आम्हाला वाटतं. लॉटरीच्या निधीकडे अर्ज करण्याबाबत आज आमची एकवाक्यता झालेली नाही. तातडीच्या कामासाठी एरिया मीटिंगकडे मदत मागावी. हे पत्र कोषाध्यक्ष या महिनाअखेरपर्यंत पाठवतील. उरलेला प्रश्न आम्ही दोन सभांनंतर पुन्हा घेऊ.’

(एरिया मीटिंग म्हणजे आसपासच्या मंडळ्यांची एकत्रित सभा.) कर्ता ‘आम्ही’. कोण काय बोललं, याचा उल्लेख नाही. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, प्रत कोणाला जाणार, एवढंच. दुरुस्त्या सुचवायच्या त्या या मजकुरातच, वाद नव्याने उकरायचा नाही. ‘ही नोंद मान्य आहे का?’ असं क्लार्क विचारतो आणि खोलीतून ‘होप सो’, म्हणजे ‘तशी आशा आहे’, असा पुटपुटता होकार येतो. झालं. घरी गेल्यावर कोणाला वेगळं आठवलं, तरी आता इलाज नाही.

जिथे सभेनंतर महिन्याभराने सचिव इतिवृत्त लिहितो, तिथे ‘असं ठरलंच नव्हतं’ हा वाद हमखास होतो. इथे तो होत नाही, कारण ठरवणं आणि लिहिणं यांत वेळच जात नाही. त्याची किंमत मात्र आहे. लिहिणाऱ्या माणसाला पंधरा जणांच्या नजरेखाली, घाईत, सरळ वाक्यं सुचली पाहिजेत. सगळ्यांना ते जमत नाही. छोट्या मंडळीत जमणारी माणसं दोन किंवा तीनच निघतात.

एखाद्याला निर्णय पटला नाही तर? ‘मला पटत नाही, पण मी आड येत नाही’ असं तो म्हणू शकतो, आणि काम पुढे जातं. तो आड आला तरी तो नकाराधिकार ठरत नाही. त्याच्या म्हणण्यात सगळ्यांना न दिसलेलं काही आहे का, हे तपासलं जातं. असेल तर विषय थांबतो. विषय फारच पेटला असेल, तर कुठलाही निर्णय न घेता फक्त बोलून मोकळं होण्यासाठी वेगळी सभा बोलावतात. तिथे नोंद होते ती एवढीच, की अशी सभा झाली.

[दृश्य: पुन्हा जुनी वही, पण आता अमेरिकेतली]

या पद्धतीचं सर्वांत मोठं अपयश तिच्याच वह्यांमध्ये लिहिलेलं आहे. 1688 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. मासिक सभा म्हणाली, विषय फार भारी आहे, आमच्या कक्षेतला नाही, वरच्या सभेकडे पाठवा. त्रैमासिक सभेने तो वार्षिक सभेकडे पाठवला. वार्षिक सभेने निकाल न देणंच पसंत केलं. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना सदस्यत्वातून काढायचं ठरवलं ते 1776 मध्ये. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली. जॉन वुलमनसारखी माणसं घरोघर जाऊन मालकांशी बोलत राहिली, म्हणून तेवढ्यात तरी झालं. ‘अजून एकवाक्यता नाही’ हे वाक्य प्रामाणिक असू शकतं, आणि ज्यांना गैरसोयीचा निर्णय नको आहे त्यांचं लपायचं ठिकाणही असू शकतं. दोन्ही वेळा नोंद सारखीच दिसते. म्हणून पुढे ढकललेल्या विषयाला तारीख घालायचीच, हा अनुभवी क्लार्कचा नियम.

रोजच्या चुका याहून साध्या असतात. मजकुरातल्या एका शब्दावरून वीस मिनिटं घासाघीस. वजनदार सदस्य बोलला की बाकीच्यांनी तोंड मिटणं. न पटलेलं सभेत न बोलता गाडीतळावर बोलणं, हा तर सगळ्यांत महागात पडणारा प्रकार, कारण सभेत ‘होप सो’ म्हणालेली माणसं नंतर कामाला येतच नाहीत. ऑनलाइन जोडलेले सदस्य 2020 नंतर वाढले आहेत. घरी बसलेल्या माणसाला बोलायचं आहे हे क्लार्कला दिसत नाही, म्हणून पडद्याकडे लक्ष ठेवायला एकजण वेगळा नेमावा लागतो. नोंद लिहिली जात असताना ती पडद्यावर दाखवायचा मोह टाळलेला बरा, नाहीतर सगळेच संपादक होतात.

[दृश्य: स्वयंपाकघरातला फळा, त्यावर कामांची यादी, काही नावं दोनदा]

जबाबदाऱ्यांसाठी निवडणूक नाही. नामनिर्देशन समिती माणसं शोधते, त्यांना आधी विचारते आणि नाव सभेपुढे ठेवते. नेमणूक सभा करते. या समितीवर कोण असावं, हे समिती स्वतः ठरवत नाही, त्यासाठी वेगळा शोधगट असतो. मुदत साधारण तीन वर्षांची, लागोपाठ दोन मुदतींपलीकडे सहसा नाही. कागदावर हे सुरेख दिसतं. अठरा माणसांच्या मंडळीत क्लार्क, सहायक, कोषाध्यक्ष, एल्डर, आजारी-एकट्यांची विचारपूस करणारे, इमारत, बालसुरक्षा, ग्रंथालय आणि दाराशी स्वागत, इतकी पदं भरायची म्हटल्यावर एकाच्या गळ्यात तीन पडतात. मुदत संपते, दुसरं कोणी मिळत नाही, आणि तोच क्लार्क नवव्या वर्षीही टेबलाशी दिसतो. तो दमतो हा झाला एक तोटा. दुसरा मोठा: सभा त्याच्या सवयींना पद्धत समजू लागते. यावरचे उपाय धाडसाचे नाहीत, निर्दय आहेत. दोघांना मिळून क्लार्क नेमायचं, एरिया मीटिंगमधून माणूस उसना आणायचा, आणि ज्या समितीवर यायला कोणी तयार नाही ती सरळ बंद करायची. ग्रंथालय समिती बंद झाली म्हणून पुस्तकं पळून जात नाहीत.

पैशाचं गणित छोटं आहे, पण चोख. उपासनेत थाळी फिरत नाही. कोषाध्यक्ष वर्षातून एकदा सगळ्यांना पत्र पाठवतो: स्थानिक खर्चाला इतकं, एरिया मीटिंगला इतकं, लंडनच्या मध्यवर्ती कामाला इतकं. ठरलेली वर्गणी नाही. कोणी किती दिलं, हे पैसे सांभाळणाऱ्याबाहेर जात नाही. आयकर भरणाऱ्या देणगीदाराने गिफ्ट एडचा अर्ज भरून दिला, की प्रत्येक पौंडामागे सरकारकडून 25 पेन्स मिळतात. हा एक कागद भरून न घेतल्याने मंडळ्या दरवर्षी हातचं सोडतात. बँकेत सह्या दोघांच्या लागतात, म्हणून सह्यांचा अधिकार निदान तिघांना हवा. दोघांनाच असला आणि एकजण आजारी पडला, तर वीजबिल भरायला महिने लागतात. सभागृह भाड्याने देऊन येणारं उत्पन्न कित्येक ठिकाणी मोठा आधार असतो. योगवर्ग, गायनाचा गट, दारूमुक्तीची बैठक. अटी आधीच नोंदीत घालून ठेवाव्या. तातडीच्या दुरुस्तीसाठी इमारत पाहणाऱ्याला ठरावीक रकमेपर्यंत खर्चाची मुभाही आधीच द्यावी, कारण फुटलेला नळ पुढच्या सभेची वाट पाहत नाही.

सदस्य व्हायचं तर एरिया मीटिंगच्या क्लार्कला पत्र लिहायचं. दोघंजण भेटायला येतात, धर्मपरीक्षा घ्यायला नव्हे तर मनमोकळं बोलायला, आणि त्यांचा अहवाल सभेपुढे जातो. पुष्कळजण वर्षानुवर्षं सदस्य न होताच येत राहतात, कामंही करतात. लग्नाचा प्रकार वेगळाच आहे. 1753 च्या विवाह कायद्याने क्वेकर आणि ज्यूंना सूट दिली, तेव्हापासून त्यांच्या सभेतलं लग्न कायद्याला चालतं. शांततेत बसलेलं जोडपं उभं राहून एकमेकांना वचन देतं, लावून देणारा कोणी नसतो, आणि हजर असलेले सगळे, लहान मुलांसकट, प्रमाणपत्रावर सही करतात. समलिंगी लग्नं अशीच लावावीत, हे ब्रिटनच्या वार्षिक सभेने 2009 मध्ये ठरवलं. कायदा 2013 मध्ये आला.

भारतात ही पद्धत पोचली ती मुख्यतः होशंगाबादच्या परिसरात, एकोणिसाव्या शतकातल्या क्वेकर मिशनबरोबर. महाराष्ट्राशी धागा जुळतो तो सेवाग्रामला. क्वेकर सदस्य असलेल्या मार्जोरी साइक्स यांनी तिथे नई तालीमच्या शिक्षकांना घडवण्याचं काम केलं, आणि पुढे त्या होशंगाबादजवळच्या रसूलियाच्या क्वेकर केंद्रातही राहिल्या.

[दृश्य: दफनभूमी. सारख्या उंचीचे, नक्षी नसलेले दगड]

मंडळी आटत जाते तेव्हाही काम असतं. चार-पाच जण उरले, की एरिया मीटिंग त्यांच्याशी बोलून मंडळी बंद करण्याची नोंद करते. सदस्यत्व मुळात एरिया मीटिंगचं असतं, त्यामुळे कोणाचं नाव कमी होत नाही, फक्त रविवारी दुसऱ्या गावी जावं लागतं. जुन्या वह्या जिल्हा अभिलेखागारात जातात. इमारत विश्वस्तांकडे येते, ती विकता किंवा भाड्याने देता येते. दफनभूमीचं तसं नाही. तिथलं गवत कोणी कापायचं, भिंत ढासळली तर पैसे कुठून येणार, नातेवाइकांना आत यायला वाट कुठून, हे सगळं इमारतीच्या व्यवहाराआधी लिहून ठरवावं लागतं. हे राहून गेलं, की वीस वर्षांनी तक्रारीचं पत्र येतं ते विश्वस्तांच्या पत्त्यावर.